खेळतां खेळतां अक्षरओळख



मूल खेळतां खेळतां शिकतें, हें तत्त्व आतां कोणाला नवें राहिलेलें नाहीं. परंतु खेळच संगणकांत शिरला आणि कांचेच्या पडद्यावर अक्षरें नाचूं लागलीं, म्हणजे एक नवा प्रश्न उभा राहतो. पांच-सहा वर्षांच्या मुलाच्या हातीं असा खेळ देऊन आईबाप आपापल्या कामाला लागले, तर तें मूल वाचावयास शिकेल काय? या प्रश्नाचें उत्तर केवळ तर्कानें देण्याचें कारण उरलेलें नाहीं. प्रयोग झाले आहेत आणि त्यांचे निकालही हातीं आहेत. आज त्यांचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम वाचनाची पूर्वतयारी म्हणजे काय, तें पाहूं. बोलतां येणाऱ्या मुलाला ‘कमळ’ हा शब्द ठाऊक असतो. पण त्याच्या लेखीं तें एक फूल असतें. त्या शब्दाचे ‘क’, ‘म’, ‘ळ’ असे तुकडे पडतात, ‘कमळ’ आणि ‘कपाट’ यांचा आरंभ सारखाच आहे, हें त्याच्या ध्यानांत आलेलें नसतें. शब्दांतील ध्वनींची ही जाण, आणि कोणता ध्वनि कोणत्या खुणेनें लिहितात याचें ज्ञान, या दोन पायांवर वाचन उभें राहतें.

नेमक्या याच गोष्टींसाठीं तयार झालेला एक प्रसिद्ध खेळ म्हणजे फिनलंडांतील ‘ग्राफोगेम’. तेथील युव्हॅस्क्युला विद्यापीठांत हेइक्की ल्युटिनेन व त्यांचे सहकारी यांनीं १९९० नंतरच्या दशकांत सुमारें २०० मुलांचा अगदीं जन्मापासून अभ्यास आरंभिला. त्यांपैकीं निम्म्यांच्या घराण्यांत वाचतांना अडखळण्याचा दोष होता. ही अडचण शाळेंत उघड होण्यापूर्वींच तिचीं चिन्हें ध्वनींचा भेद ओळखण्यांत व अक्षरें शिकण्यांत दिसूं लागतात, असें आढळून आलें. या अभ्यासांतून हा खेळ निघाला.

खेळाची रीत साधी आहे. मूल कानांना हेडफोन लावतें. एक ध्वनि ऐकूं येतो. पडद्यावर कांहीं अक्षरें वरून खालीं उतरूं लागतात. ऐकलेल्या ध्वनीचें अक्षर मुलानें निवडावयाचें. चुकल्यास यंत्र बरोबर अक्षर दाखवितें. कोणतीं अक्षरें पक्कीं झालीं व कोणतीं कच्चीं राहिलीं, याची नोंद ठेवून तें कच्चीं अक्षरें पुन्हा पुन्हा पुढें आणतें. मग जोड्या, मग लहान शब्द, अशी पायरीपायरीनें चढण होते. तोच ध्वनि शंभर वेळां ऐकवावा लागला तरी यंत्र कंटाळत नाहीं कीं रागावत नाहीं. हा त्याचा मोठा गुण होय.

फिनिश भाषेंत एका ध्वनीला बहुधा एकच अक्षर असल्यामुळें ही रीत तिला मानवली. इंग्रजीची गोष्ट वेगळी. ‘टफ’ आणि ‘थ्रू’ या दोन्ही शब्दांच्या अखेरीस ओ, यू, जी, एच हीं चारच अक्षरें येतात. उच्चार मात्र मुळींच जुळत नाहींत. म्हणून एका इंग्रजी आवृत्तींत कॅट, हॅट, मॅट अशा यमक जुळणाऱ्या शब्दांवर भर देण्यांत आला. इंग्लंडांतील शाळांमध्यें ६ ते ७ वर्षांच्या, अक्षर-ध्वनींत मागें पडलेल्या मुलांवर तिचा प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०१८ सालीं निघाला. नेहमींच्या शिकवणीपेक्षां या खेळानें वाचनांत अधिक प्रगति झाल्याचें त्यांत दिसलें नाहीं.

पुढें २०२० सालच्या एका परीक्षणांत या खेळावरील निरनिराळे प्रयोग एकत्र तपासले गेले. शब्दवाचनावरील सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. परंतु ज्या प्रयोगांत मोठें माणूस मुलाशीं बोलत होतें, त्याला सांगत-विचारत होतें, त्यांत मात्र लाभ स्पष्ट दिसला. खेळ तोच, फळ निराळें.

याची संगति लावतां येते. यंत्र सराव देतें. पण तो सराव पडद्याबाहेर नेणें त्याला साधत नाहीं. खेळांत ओळखलेला ‘म’ दिनदर्शिकेवरील ‘मंगळवार’ या शब्दांत किंवा मिठाईच्या दुकानाच्या पाटीवर दाखविणारें बोट माणसाचेंच असावें लागतें. शिवाय मूल खरोखर ऐकून अक्षर निवडीत आहे कीं अंदाजानें बोट मारीत आहे, हें शेजारीं बसलेल्या आईला किंवा आजोबांना चटकन् कळतें. यंत्रावर विसंबून एक-दोन वर्षें गेलीं, तर ज्या मुलाला साहाय्याची गरज अधिक, तेंच मागें राहतें. आणि आपलें मूल ‘अभ्यास’ करीत आहे अशा समजुतींत घरच्यांना त्याचा पत्ताही लागत नाहीं.

मराठी अक्षरांचा खेळ घरीं आणावयाचा झाल्यास तो आधीं आपण स्वतः खेळून पाहावा. देवनागरींत अक्षर व उच्चार यांचें नातें इंग्रजीपेक्षां पुष्कळ सरळ आहे. तरी ‘कि’ लिहितांना वेलांटी आधीं दिसते आणि तिचा उच्चार मागाहून होतो. ‘चाक’ व ‘चार’ यांतील ‘च’ एक नव्हे. खेळांतील आवाज हा भेद पाळतो काय, हें कान देऊन ऐकावें. अक्षराकडे न पाहतांही ज्यांत टाळ्या व बक्षिसें मिळतात, तो खेळ बाजूस ठेवावा.

वेळेलाही मर्यादा हवी. २ ते ४ वर्षांच्या मुलांनीं पडद्यासमोर बसून दिवसांतून १ तासापेक्षां अधिक वेळ घालवूं नये, त्याहून कमी असल्यास उत्तम, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सुचविलें आहे.

पडदा बंद झाल्यावर दहा मिनिटें शब्दांच्या भेंड्या लावाव्या. ‘कमळ’ म्हटल्यावर ‘ळ’ नें आरंभ होणारा शब्द सांपडत नाहीं, हें मुलाच्या आपोआप लक्षांत येईल, आणि मग ‘कपाट’, ‘टोपी’, ‘पीठ’ अशी सांखळी सुरू होईल. शब्दाचें शेवटचें अक्षर हेरावयाचें आणि त्यावरून नवा शब्द आठवावयाचा, हें शिक्षण या जुन्या खेळांत आहेच. नव्या खेळाला त्याची जोड दिली आणि घरांतील एक मोठें माणूस दोन्ही वेळां मुलाजवळ बसलें, तर संगणकाचा खरा उपयोग होईल.