गाडी मध्येच थांबली, उरलेल्या पैशांचं काय?

रेल्वे प्रवाशाचे हक्क : लेखांक ७

प्रवासाला निघण्याआधी रद्द केलेल्या तिकिटांचा हिशेब मागच्या आठवड्यात पाहिला. आजचा विषय त्याहून किचकट आहे. तिकीट वापरलं, पण पूर्ण नाही. अशा वेळी रेल्वे काही परत देते का? देते, पण प्रवास कोणामुळे तुटला आणि तसं कागदावर कोणी लिहून दिलं, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं.

नंदुरबार जिल्ह्यात सुरत-भुसावळ हा एकच रेल्वेमार्ग आहे. तो कुठेही अडला की नवापूर, खांडबारा, नंदुरबारचे प्रवासी अडकतात. १५ मे २०२५ रोजी अमळनेरजवळ मालगाडीचे डबे घसरले आणि या मार्गावरची वाहतूक कोलमडली. ऑगस्ट २०१८ मध्ये नवापूर तालुक्यात आलेल्या पुराचा फटकाही या मार्गाला बसला. अशा दिवशी 'गाडी पुढे जाणार नाही' हे ऐकलं की माणूस पिशवी उचलून थेट एसटी स्टँडकडे धावतो. ते साहजिकच आहे, पण पैसे बुडतात ते नेमके तिथेच.

भाडे परताव्याचे नियम २०१५ चे आहेत. त्यांत अपघात, रूळ वाहून जाणं आणि पूर यांसाठी वेगळी तरतूद आहे. अशा कारणाने प्रवास तुटला आणि रेल्वे तुम्हाला वाजवी वेळेत मुक्कामी पोचवू शकली नाही, तर भाडं पूर्ण परत मिळतं. फक्त उरलेल्या अंतराचं नव्हे, सगळ्या प्रवासाचं. रद्द करण्याचा आकारही कापला जात नाही. सुरतहून भुसावळला निघालेल्याचा प्रवास नंदुरबारला संपला, तरी त्याने पार केलेल्या अंतराचे पैसे रेल्वे ठेवून घेत नाही. हा नियम उदार आहे आणि बहुतेकांना ठाऊकच नाही.

मात्र रेल्वेने पुढे जायला बस किंवा दुसरी गाडी दिली आणि ती तुम्ही नाकारली, तर झालेल्या प्रवासाचं भाडं कापून बाकीचं मिळतं. गाडी उशिरा का होईना पोचली, तर या तरतुदीखाली काहीच मिळत नाही. २९ जानेवारी २०२२ रोजी गांधीधाम-पुरी एक्स्प्रेसच्या पॅन्ट्री कारला नंदुरबार स्थानकाजवळ आग लागली होती. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. अशा घटनेत जळालेला डबा काढून गाडी पुढे नेली आणि प्रवासी मुक्कामी पोचला, की झालेल्या खोळंब्याचा परतावा मागता येत नाही.

खिडकीवरून काढलेलं तिकीट जिथे प्रवास तुटला त्याच स्टेशनवर जमा करायचं. तिथे पैसे मिळाले तर उत्तम, नाहीतर टीडीआर, म्हणजे तिकीट जमा केल्याची पावती मागायची. पावतीशिवाय तिकीट हातचं सोडू नका. ई-तिकीट असेल तर आयआरसीटीसीवर टीडीआर, म्हणजे इथे परताव्याचा ऑनलाइन अर्ज, भरायचा. गाडी मुक्कामाआधीच संपवली असेल तर त्यासाठी ७२ तास मिळतात.

एसी बंद पडला तर जेवढ्या अंतरात तो बंद होता तेवढ्याचा फरक मिळतो. थ्री टायर एसीसाठी तो एसी आणि स्लीपर भाड्यातला फरक. त्यासाठी टीटीई किंवा गार्डचा दाखला हवा, आणि ई-तिकिटाचा टीडीआर गाडी पोचल्यापासून २० तासांच्या आत भरायला हवा. ही मुदत मला अन्यायाची वाटते. रात्री नंदुरबारला उतरून सकाळी एसटीने तळोदा आणि पुढे धडगावचा घाट गाठणाऱ्याला मोबाईलची रेंज मिळेपर्यंत निम्मी मुदत सरते. दाखल्याच्या बाबतीत भिडस्तपणा कामाचा नाही. डबा गार होत नाही हे कळताच टीटीईला सांगायचं, रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची आणि उतरण्याआधी कागद घ्यायचा.

एका तिकिटावरचे काही जण पक्के आणि काही प्रतीक्षा यादीत असतील, आणि यादीतले आलेच नाहीत, तर त्यांच्या परताव्यासाठीही टीटीईचाच दाखला लागतो.

आपल्या मर्जीने मध्येच उतरलात तर? भुसावळ-सुरत तिकिटावर कोणी नंदुरबारला उतरून मामाच्या गावी गेला, तर उरलेल्या अंतराचे पैसे खिडकीवर मागून मिळत नाहीत.

आपल्याकडे बरीच आरक्षणं एजंटाकडून होतात. अशा ई-तिकिटाचा परतावा आधी एजंटाच्या खात्यात येतो. म्हणून २०१९ मध्ये ओटीपीची पद्धत आली. परताव्याची रक्कम आणि ओटीपी प्रवाशाच्या मोबाईलवर येतो, तो एजंटाला सांगायचा आणि पैसे घ्यायचे. पण आरक्षणाच्या वेळी एजंटाने स्वतःचाच नंबर टाकला असेल, तर परतावा मंजूर झाल्याचं तुम्हाला कळतही नाही.

दावा फेटाळला गेला तरी वाट बंद होत नाही. भाडे परताव्याचे वाद १९८७ च्या कायद्याने रेल्वे दावे न्यायाधिकरणाकडे नेता येतात. राज्यात त्याची खंडपीठं मुंबई आणि नागपूरला आहेत. पण दोन-तीनशे रुपयांसाठी नंदुरबारहून तिथवर कोण जाणार? त्यामुळे पुढच्या वेळी आरक्षण करताना एजंटाला आपला नंबर टाकायला सांगा, आणि गाडी मध्येच थांबली तर एसटी पकडण्याआधी तिकीट खिडकीवर जमा करून पावती घ्या.