इंग्लिश भाषेतील चव व गंधविषयक शब्दसंग्रह

इंग्लिश भाषेतील चव व गंधविषयक शब्दसंग्रह म्हणजे खाद्यपदार्थांची चव, वास, स्पर्श आणि खाताना होणारा आवाज यांचे वर्णन करण्यासाठी त्या भाषेत वापरले जाणारे शब्द होत. मूळ चवींची नावे बहुतांशी जुन्या जर्मानिक थरातील आहेत, तर सूक्ष्म भेद दाखवणारे अनेक शब्द फ्रेंच व लॅटिनमधून आलेले आहेत. रंगांच्या तुलनेत गंधांसाठी या भाषेत स्वतंत्र शब्द फारच थोडे आहेत. भाषांतर, अन्नउद्योग आणि घ्राणशक्तीची वैद्यकीय तपासणी या तिन्ही क्षेत्रांत या उणिवेचा परिणाम दिसतो.

व्युत्पत्ती

'स्वीट', 'सावर', 'सॉल्ट' आणि 'बिटर' हे चारही शब्द प्राचीन इंग्लिशमध्ये होते. 'स्वीट' हा संस्कृत 'स्वादु' या शब्दाचा दूरचा भाऊबंद असून दोहोंचे मूळ एकाच इंडो-युरोपीय धातूत आहे. मराठीतील 'स्वाद' हा शब्दही त्याच कुळातला. 'बिटर'चा संबंध 'चावणे' या अर्थाच्या 'बाइट' शब्दाशी जोडला जातो. कडू चव जिभेला चावते, अशी त्यामागची कल्पना दिसते.

इ.स. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर स्वयंपाक व भोजनाशी संबंधित फ्रेंच शब्द मोठ्या प्रमाणावर इंग्लिशमध्ये आले. 'बॉइल', 'रोस्ट', 'फ्राय', 'स्ट्यू' ही क्रियापदे त्यांपैकीच होत. जनावराचे नाव जर्मानिक ('काउ', 'शीप') आणि त्याच्या मांसाचे नाव फ्रेंच ('बीफ', 'मटण') ही जोडी वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅनहो' (१८१९) या कादंबरीमुळे सर्वतोमुखी झाली. मात्र हा भेद विजयानंतर लगेच पक्का झाला नाही. पुढील कित्येक शतके फ्रेंच शब्द जनावरांसाठीही वापरले जात होते.

आज चवीचे वाटणारे काही शब्द मुळात इतर इंद्रियांचे होते. 'टेस्ट' ज्या जुन्या फ्रेंच क्रियापदावरून आला त्याचा अर्थ 'स्पर्शून पाहणे' असा होता, तर 'फ्लेवर' प्रारंभी गंधासाठी वापरला जाई. लॅटिन 'सापेरे' या क्रियापदाचे 'चव असणे' आणि 'शहाणपण असणे' असे दोन्ही अर्थ होते. त्यामुळे 'बेचव' या अर्थाचा 'इन्सिपिड' आणि मानवाचे शास्त्रीय नाव 'होमो सेपियन्स' हे सगोत्र ठरतात.

मूळ चवी

वर उल्लेखिलेल्या चार चवींत पाचवी भर जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेडा यांच्या संशोधनामुळे पडली. त्यांनी १९०८ मध्ये कोम्बू या समुद्री शैवालाच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळे काढले व त्याच्या चवीला 'उमामी' हे नाव दिले. इंग्लिशमध्ये त्यासाठी 'सेव्हरी' हा शब्द सुचवला जाई. परंतु नेहमीच्या वापरात 'सेव्हरी' म्हणजे केवळ 'गोड नसलेला पदार्थ' असाही अर्थ होतो. अखेर जपानी शब्दच रूढ झाला.

आयुर्वेदातील सहा रसांपैकी 'कषाय', म्हणजेच तुरट, ही चव इंग्लिशच्या मूळ यादीत नाही. तुरटपणा ही खरे तर स्पर्शसंवेदना मानली जाते. टॅनिनसारखी द्रव्ये लाळेतील प्रथिनांना बांधून टाकतात व तोंड आखडल्यासारखे वाटते. 'अ‍ॅस्ट्रिंजंट' हा लॅटिनोद्भव शब्द नेमका असला तरी पुस्तकी आहे. आवळा किंवा कच्चे केळे खाल्लेले मराठी मूल 'तुरट' सहज म्हणते. इंग्लिश मुलाला मात्र 'तोंड कोरडे पडले' अशा आशयाचे वाक्य रचावे लागते. त्यातच मद्याच्या परिभाषेत 'ड्राय' म्हणजे 'साखर न उरलेले', त्यामुळे तोंड कोरडे करणाऱ्या तुरट वाइनचे वर्णन करताना नवख्याची हमखास फसगत होते.

अनेक इंग्लिश भाषक आंबट चवीलाही 'बिटर' म्हणतात, असे चवीच्या प्रयोगांत वारंवार आढळले आहे. चवी ओळखू न येण्यापेक्षा शब्दांच्या सीमा पक्क्या नसणे हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. असा घोळ इंग्लिशपुरताच आहे असे नाही. संस्कृतमध्ये 'कटु' म्हणजे तिखट ('त्रिकटु' म्हणजे सुंठ, मिरी व पिंपळी) आणि 'तिक्त' म्हणजे कडू; 'कटु'पासून आलेला मराठी 'कडू' मात्र कडुनिंबाच्या चवीला लागू पडतो.

तिखटासाठी शब्द

मिरचीच्या तिखटपणासाठी इंग्लिशमध्ये सर्वमान्य असा स्वतंत्र शब्द नाही. 'हॉट' म्हणावे तर पदार्थ गरम आहे असाही अर्थ निघतो. 'स्पायसी' म्हणावे तर वेलदोडा-दालचिनी घातलेला गोड केकही त्यात बसतो. 'पंजंट' हा शास्त्रीय लेखनातील शब्द सर्वसामान्य वाचक उग्र वासाशी जोडतो. तरीही 'हॉट' हा शब्द शरीरशास्त्राच्या दृष्टीने चपखल ठरला आहे. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये मिरचीतील कॅप्सायसिनला प्रतिसाद देणारा ग्राही शोधला. तोच ग्राही सुमारे ४३ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक उष्णतेनेही उद्दीपित होतो. या क्षेत्रातील कार्यासाठी ज्युलियस यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक आर्डेम पटापुटियन यांच्यासह विभागून मिळाले. पुदिन्याला 'कूल' म्हणण्यालाही असाच आधार आहे, कारण मेंथॉल थंडीच्या ग्राहीला चेतवते.

गंधाचे शब्द

'स्टिंक' व 'स्टेंच' या शब्दांच्या प्राचीन रूपांनी सुवास आणि दुर्गंध दोन्ही दाखवता येत; पुढे ते केवळ दुर्गंधासाठी उरले. 'रीक'चा मूळ अर्थ धूर. 'पर्फ्यूम'च्या मुळाशीही लॅटिनमधील धूरच आहे, परंतु त्याच्या वाट्याला प्रतिष्ठा आली. 'स्मेल' हा शब्द प्राचीन इंग्लिशच्या लिखित साहित्यात आढळत नाही.

हे शब्द वास चांगला की वाईट एवढेच प्रामुख्याने सांगतात. वासाचा प्रकार सांगण्यासाठी 'लिंबासारखा', 'धुरासारखा' असा उगमाचा आधार घ्यावा लागतो. 'मस्टी' (कुबट) आणि 'रॅन्सिड' (खवट) हे मोजके अपवाद होत. मराठीतील 'खमंग' या शब्दाला इंग्लिशमध्ये एकशब्दी पर्याय नाही. भाजणी, फोडणी किंवा तुपात परतलेला रवा यांत समान असलेला गुण तो उगमाचे नाव न घेता व्यक्त करतो.

गंध शब्दांत पकडणे मानवाला मुळातच जमत नाही, असे पाश्चात्त्य विचारवंत दीर्घकाळ मानत आले. आसिफा माजिद व निक्लास बुरेनहुल्ट यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या समजुतीला धक्का दिला. मलय द्वीपकल्पातील जहाई या शिकारी-संकलक समाजाच्या भाषेत सुमारे डझनभर अमूर्त गंधवाचक शब्द आहेत. त्यांपैकी एक पेट्रोल, धूर आणि वटवाघळांची विष्ठा यांच्या वासासाठी वापरला जातो. जहाई भाषकांनी वासांची नावे रंगांइतक्याच सहजतेने व एकवाक्यतेने सांगितली. इंग्लिश भाषकांनी रंग चटकन सांगितले, परंतु दालचिनीसारख्या परिचित वासाचीही लांबलचक व परस्परांशी न जुळणारी वर्णने केली. उणीव नाकात नसून भाषिक सवयीत असावी, असे यावरून दिसते.

स्पर्श व ध्वनी

या विभागात इंग्लिश बरीच संपन्न आहे. 'क्रंच', 'सिझल', 'फिझ' हे शब्द ध्वन्यनुकारी आहेत. 'क्रिस्प' हा मात्र 'कुरळा' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. खुसखुशीत बिस्किटांसाठी 'शॉर्ट' हे विशेषण आहे. स्निग्ध पदार्थ पिठातील ग्लुटेनचे धागे लांब होऊ देत नाही, याच्याशी ते जोडले जाते. 'शॉर्टब्रेड' हे नाव त्यावरूनच पडले. जनरल फूड्स कंपनीतील अलिना श्चेस्न्याक यांनी १९६३ मध्ये कठीणपणा, चिकटपणा, चिवटपणा इत्यादी गुणांची मोजता येण्याजोगी परिभाषा मांडली व ती अन्नतंत्रज्ञानात प्रमाण ठरली.

व्यावसायिक परिभाषा

डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील अ‍ॅन नोबल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये वाइनच्या गंधांची प्रमाणित शब्दावली प्रसिद्ध केली. तिच्यावर आधारलेल्या 'अरोमा व्हील' या चक्रात मध्यभागी व्यापक आणि कडेला नेमके शब्द असतात. 'एलिगंट'सारखी कौतुकपर विशेषणे तिच्यातून जाणीवपूर्वक वगळली आहेत. कॉफीसाठीही असे चक्र १९९५ मध्ये तयार झाले व २०१६ मध्ये सुधारले गेले.

प्रशिक्षित जीभही डोळ्यांच्या अधीन असते. बोर्दो येथे मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांवर झालेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळण्यात आला. विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनसाठी राखलेल्या शब्दांत केले. प्रयोग फ्रेंच भाषेत झाला असला तरी इंग्लिश परिभाषेच्या विश्वासार्हतेच्या चर्चेतही त्याचा नेहमी उल्लेख होतो.

उपाहारगृहांच्या भाषेचा अभ्यास डॅन जुराफ्स्की यांनी 'द लँग्वेज ऑफ फूड' (२०१४) या पुस्तकात केला आहे. त्यांना स्वस्त उपाहारगृहांच्या पत्रकांत 'डिलिशस', 'टेस्टी' असे शब्द अधिक आढळले. महागड्या ठिकाणी पदार्थ रुचकर असणे गृहीतच धरलेले असते.

वैद्यकीय वापर

दैनंदिन इंग्लिशमध्ये 'टेस्ट' या एकाच शब्दात जिभेची चव आणि घशाच्या मागून नाकात पोहोचणारा गंध हे दोन्ही येतात. त्यामुळे 'टेस्ट' गेल्याची तक्रार करणाऱ्या अनेक रुग्णांची प्रत्यक्षात घ्राणशक्ती गेलेली असते. गोड, आंबट, खारट व कडू त्यांना ओळखता येते. मराठीतील 'तोंडाला चव नाही' या तक्रारीतही हीच संदिग्धता आहे. कोविड-१९ च्या साथीत 'अनॉस्मिया' (वास न येणे) आणि 'पॅरॉस्मिया' (परिचित वास विकृत जाणवणे) या संज्ञा सामान्य वापरात आल्या. पॅरॉस्मियाच्या रुग्णांना कॉफी किंवा कांद्याचा बदललेला वास कशासारखा येतो हे सांगणे कठीण जाते, कारण उगमाचे नाव घेऊन वर्णन करण्याची पद्धत येथे निरुपयोगी ठरते.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९८०च्या दशकात विकसित झालेल्या चाचणीत ४० वास हुंगून प्रत्येकी चार पर्यायांतून नाव निवडावे लागते. ते वास अमेरिकन जीवनाशी निगडित असल्यामुळे अन्य देशांत वापरताना पर्याय बदलावे लागतात. ज्याने रूट बिअर कधी प्यायलीच नाही, त्याला तिचे नाव न सांगता येणे हे आजाराचे लक्षण ठरत नाही.