फटफटीची निगा

भोपाळ हे तळ्यांचे, तसेच टेकड्यांचेही शहर आहे. श्यामला टेकडीचा चढ वाहनाची परीक्षाच पाहतो. या चढउतारांवर मी जुन्या घाटाची बुलेट रोज चालवितो.

१९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली आणि ही फटफटी आपल्याकडे रुळली. जुन्या ३५० बुलेटमध्ये एकच सिलिंडर असे. त्याचा व्यास ७० मिलिमीटर, तर दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. धाव लांब असल्यामुळे इंजिन सावकाश फिरत असतानाही चढ ओढून नेते. परंतु एकट्या दट्ट्याच्या हादऱ्यांनी नटबोल्ट सैल होतात. म्हणून दर रविवारी ते पान्याने तपासावेत.

एका पावसाळ्यात सैल साखळी पाहूनही मी ‘उद्या बघू’ म्हटले. दुसऱ्याच दिवशी ऐन चढावर ती निसटली. इंजिन धडधडत राहिले. पण चाकाला ओढ मिळेना. गाडी मागे घसरू लागली. मागे माझी मुलगी बसली होती. ब्रेक घट्ट दाबून कसाबसा सावरलो.

तेव्हापासून साखळीवरील चिखल पुसून मी तिला तेल देतो. ती सैल नको, तशी फार ताणलेलीही नको; अतिताणाने बेअरिंगे झिजतात. निघण्यापूर्वी ब्रेक, टायरांतील हवा व इंजिनतेल पाहतो आणि दोघेही शिरस्त्राण घालतो.

तुमच्या सायकलींनाही हाच नियम लागू आहे. निगेची पाच मिनिटे वाया जात नाहीत. मागे बसणारा त्यांच्याच भरवशावर निश्चिंत असतो.