काट्यांची माती

२०१३ साली व्हेनिसच्या ५५व्या आंतरराष्ट्रीय कला प्रदर्शनात, म्हणजे ‘बिएनाले’मध्ये, शिनिची सावादा या जपानी शिल्पकाराची मातीची शिल्पे मांडली होती. त्यांची छायाचित्रे आपण पाहिली, तर आधी डोळ्यांत भरतात ते काटे. अंगभर, ओळीने, फणसाच्या सालीवर असावेत तसे. मग त्या काट्यांतून हळूहळू डोळे दिसू लागतात, तोंड दिसते, काही शिल्पांवर एकाहून अधिक चेहरे दिसतात. हा प्राणी, मुखवटा की राक्षस, ते ठरत नाही.

या काट्यांपाशी थोडे थांबू या. ज्यांनी घरी शाडूचा गणपती केला आहे, त्यांना सांध्याचे दुखणे ठाऊक असेल. धड ओलसर असतानाच हात चिकटवावा लागतो. सुकलेल्या धडाला ओला हात लावला, तर तो सुकताना आकसतो आणि नेमकी जोडावर चीर जाते. सावादांच्या एकेका शिल्पावर असे कितीतरी जोड असतात. प्रत्येक काटा हाताने वळून बसवलेला. शिवाय शाडूची मूर्ती भट्टीत जात नाही, ही जाते. जाड मातीत ओल राहिली, तर तिची वाफ होऊन शिल्प आतूनच फुटते. म्हणून माती किती जाड ठेवायची आणि किती दिवस सुकवायची, याचा अंदाज हाताला असावा लागतो.

या शिल्पांना वरून झिलई दिलेली नसते. लाकडाच्या भट्टीतली ज्वाळा आणि उडती राख जिथे जशी लागेल तसा रंग येतो: कुठे विटकरी, कुठे काळपट.

आता एक माहिती, जी मी मुद्दाम मागे ठेवली. सावादांचा जन्म १९८२चा, शिगा प्रांतातला. ते स्वमग्न आहेत, फारच थोडे बोलतात, आणि अपंगांसाठीच्या एका कार्यशाळेत काम करतात. त्यांच्यावरचे बहुतेक लेख इथूनच सुरू होतात आणि मग शिल्पाकडे लक्षण म्हणून पाहिले जाते. ‘आतून आपोआप उमटलेली कला’ असे कौतुकही होते. मला ते कौतुक कमी वाटते. न तडकलेला काटा आपोआप उमटत नाही.

त्या वर्षीचे संयोजक मास्सिमिलियानो जिओनी यांनी मुख्य प्रदर्शनाला ‘विश्वकोशाचा राजवाडा’ असे नाव दिले होते. जगातले सगळे ज्ञान एका इमारतीत ठेवण्याचे स्वप्न पाहणाऱ्या मारिनो आऊरिती या स्वशिक्षित माणसाच्या आराखड्याचे ते नाव. त्यामुळे नामवंत आणि अनामिक एकाच छताखाली आले. फिश्ली आणि वाइस या स्विस जोडीच्या न भाजलेल्या मातीच्या छोट्या आकृतीही तिथे होत्या. त्यांची निम्मी गंमत शीर्षकांत आहे. शीर्षक काढा, विनोद विरतो. सावादांची शिल्पे मात्र बहुधा ‘शीर्षक नाही’ एवढ्याच शब्दांनी नोंदलेली असतात. ‘याचा अर्थ काय?’ हा आपला नेहमीचा प्रश्न तिथे कोणाला विचारावा, तेच कळत नाही.

आपल्यापैकी कोणाला ती प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला, तर भिंतीवरचा माहितीफलक तूर्त राहू द्या. आधी शिल्पाला एक फेरी मारा आणि काटा जिथे अंगाला मिळतो ती जागा पाहा.