हात जागचा हलू नये म्हणून

मिठाचा आणि मसाल्याचा डबा आपण चुलीपासून हातभर अंतरावर ठेवतो. तो दुसऱ्या खोलीत ठेवला म्हणून स्वयंपाक अडणार नाही, पण दिवसभराच्या फेऱ्यांनी पाय दुखून येतील. ही गोष्ट घर चालवणाऱ्या कोणालाही सांगावी लागत नाही. संगणकापुढे बसलो की मात्र आपण ती विसरतो.

आज आपल्या कितीतरी घरांत संगणकावर रोजीरोटीचे काम चालते. कोणी मुलगी घरबसल्या टायपिंग करते, कोणी दुकानाचा हिशेब ठेवतो, कोणी पुस्तकांची अक्षरजुळणी करतो. दोन्ही हात कळफलकावर असतात आणि माऊस असतो उजव्या बाजूला, अंकांच्या कळांच्याही पलीकडे. एक शब्द दुरुस्त करायचा तर हात उचला, माऊस पकडा, कर्सर नेऊन ठेवा, हात परत आणा, बोटे पुन्हा जागेवर बसवा आणि मग टाइप करा. मुद्रितशोधनाचे काम करणाऱ्यांना विचारा, दिवसातून अशा किती फेऱ्या होतात! संध्याकाळी उजवा खांदा भरून येतो तो उगाच नाही.

1980 च्या दशकात टेड सेल्कर या अमेरिकी संशोधकाच्या वाचनात आले की, कळफलकावरून माऊसपर्यंत हात नेण्यात सुमारे पाऊण सेकंद जातो आणि परत यायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. जाऊन-येऊन दीड सेकंद. ऐकायला हे काहीच नाही. पण दिवसात अशा हजार फेऱ्या झाल्या तर पंधराशे सेकंद, म्हणजे पंचवीस मिनिटे नुसती ये-जा करण्यात जातात. सेल्करांच्या मनात आले, हाताने माऊसकडे जाण्याऐवजी माऊसच हातापाशी का येऊ नये?

पुढे आयबीएम कंपनीत जोसेफ रटलेज यांच्या साथीने त्यांनी या कल्पनेवर वर्षानुवर्षे मेहनत घेतली. त्यातून तयार झाली ती जी, एच आणि बी या तीन कळांच्या मधोमध उभी राहणारी एक इवलीशी दांडी. मराठी इनस्क्रिप्ट कळफलकावर टाइप करणाऱ्यांनी ती उकार, ‘प’ आणि ‘व’ यांच्या मधली जागा समजावी. बोटे आपल्या मूळ जागी असताना तर्जनी जरा आत सरकवली की दांडीवर टेकते. क्लिक करायची बटणे स्पेसबारच्या खाली, अंगठ्यापाशी. मनगट जागचे हलत नाही. ऑक्टोबर 1992 मध्ये आलेल्या आयबीएमच्या थिंकपॅड 700सी या लॅपटॉपवर ही दांडी लाल रबरी टोपी घालून बसली होती.

त्या लाल रंगाचाही एक किस्सा आहे. आयबीएममध्ये लाल रंग संकटकाळी वीज बंद करण्याच्या बटणासाठी राखून ठेवलेला होता. थिंकपॅडचे रूप ठरवणारे रिचर्ड सॅपर यांना तर काळ्या यंत्रावर लाल ठिपकाच हवा होता. मग त्या रंगाला लाल न म्हणता मॅजेंटा म्हटले गेले आणि काम निभावले.

ही दांडी काम कशी करते? ती फिरत नाही, सरकतही नाही. बोटाने रेटा दिला की डोळ्यांना दिसणार नाही इतकीच वाकते. तिच्या बुडाशी असलेल्या संवेदक पट्ट्यांवर ताण येतो, त्यांचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आतली चिप रेट्याची दिशा व जोर ओळखते. माऊस जितका सरकवाल तितका कर्सर सरकतो. येथे जितका जोर द्याल तितक्या वेगाने तो धावतो. हलका रेटा दिला तर कर्सर अक्षरा-अक्षराने चालावा आणि मधल्या जोरात नजरेच्या टप्प्यात राहील इतकाच त्याचा वेग असावा, हे जमवण्यात संशोधकांची बरीच मेहनत गेली.

अडचण पुढे आहे. ही सोय मुख्यतः लॅपटॉपवर राहिली. दिवसभर टाइप करणाऱ्यांची पसंती बहुधा मेकॅनिकल कळफलकाला असते. त्यात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच आणि स्प्रिंग असते, कळ साधारण चार मिलिमीटर खाली जाते, बोटाला दाबल्याची खूण नीट कळते आणि एखादा स्विच बिघडला तर तेवढाच बदलता येतो. टिकाऊ कळफलक आणि जागच्या जागी कर्सर या दोन्ही गोष्टी एकत्र मिळणे दुर्मीळच राहिले. 1990 च्या दशकात आयबीएमच्या नावाने निघालेल्या एम13 कळफलकात त्या एकत्र होत्या. पुढे अमेरिकेतल्या केंटकी राज्यातील युनिकॉम्प कंपनीने त्या घराण्याचे कळफलक बनवले. तैवानच्या टेक्स कंपनीने योडा आणि शिनोबी हे दांडीचे मेकॅनिकल कळफलक काढले. पण असे कळफलक आपल्या जवळच्या दुकानात सहज मिळत नाहीत आणि बाहेरून मागवणे खिशाला जड जाते.

म्हणून जगभरातल्या हौशी कारागिरांनी दुसरी वाट धरली. जुन्या, बाद झालेल्या लॅपटॉपच्या कळफलकातून दांडी काढायची आणि आपल्या मेकॅनिकल कळफलकात बसवायची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात सुट्या भागांचा धंदा करणाऱ्यांना हे सांगायला नको की, एका यंत्राचा कचरा म्हणजे दुसऱ्या यंत्राचा जीव!

काम नाजूक आहे. कळफलकावर एका कळीच्या मध्यापासून शेजारच्या कळीचा मध्य सुमारे एकोणीस मिलिमीटरवर असतो. नेहमीच्या स्विचसाठी धातूच्या पत्र्यात चौदा मिलिमीटरचा चौकोन कापलेला असतो. म्हणजे दोन चौकोनांमध्ये उरतात जेमतेम पाच मिलिमीटर. एवढ्या फटीतून दांडी वर काढायची असते. त्यासाठी पत्र्याला आणि खालच्या सर्किट बोर्डाला छिद्र पाडावे लागते, आणि बोर्डावरची तांब्याची एखादी रेघ तुटली तर काही कळा मुक्या होतात. जी आणि एच या कळांच्या टोप्यांचे खालचे आतले कोपरे आणि बी च्या टोपीची वरची कड कानशीने घासावी लागते. शिवाय मेकॅनिकल कळा लॅपटॉपच्या कळांहून उंच असल्याने दांडीला जोड देऊन तिची उंची वाढवावी लागते. दांडी लांब झाली की तोच रेटा बुडाशी जास्त ताण देतो, त्यामुळे वेगाची घडीही नव्याने बसवावी लागते.

वायरिंग त्यामानाने सोपे आहे. अशा पुष्कळशा दांड्या माऊसच्या जुन्या पीएस/2 पद्धतीने बोलतात. वीज, अर्थ, डेटा, क्लॉक आणि रीसेट एवढ्या तारा जोडायच्या. कळफलकातल्या चिपमध्ये क्यूएमके ही मोफत, सर्वांना खुली असलेली प्रणाली घालता येत असेल, तर ती पीएस/2 माऊसची भाषा समजते. क्लिकची बटणे वेगळी बसवण्याची गरज नाही, अंगठ्याजवळच्या दोन कळांनाच ते काम सोपवता येते.

छिद्र पाडायचेच नसेल तर दुसरा मार्गही आहे. कळफलकाच्या कडेला, अंगठ्याच्या टप्प्यात, छोटा ट्रॅकबॉल बसवता येतो. ट्रॅकबॉल ही माऊसहूनही जुनी कल्पना आहे. 1952 च्या सुमारास कॅनडाच्या नौदलासाठी बनलेल्या यंत्रात त्यासाठी चक्क बोलिंगच्या खेळातला चेंडू वापरला होता!

या दांडीला जादू समजू नये. पहिले काही दिवस कर्सर हवा तिथे थांबत नाही. सबुरी ठेवली तर बोट शिकते. चित्रकाम आणि फोटो नीट करणे यांसाठी माऊसच बरा. कधी कधी कर्सर आपोआप एका बाजूला सरकू लागतो. तेव्हा बोट उचलून काही क्षण थांबावे, दांडी आपला मध्य पुन्हा शोधून घेते. फार जोर लावण्याची सवय लागली तर खांद्याचे दुखणे तर्जनीत उतरेल, म्हणून वेग वाढवून हलक्या बोटाने काम करावे. दुखणे जुने असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. यंत्र बदलणे हा त्यावरचा इलाज नव्हे.

हे सगळे ज्यांना जमणार नाही त्यांनी निदान एवढे करावे. अंकांच्या कळा नसलेला आखूड कळफलक घ्यावा, म्हणजे माऊस बराच जवळ येतो. अंकांचे काम नसेल तर माऊस डाव्या हाताला ठेवून पाहावा, उजव्या खांद्याला उसंत मिळते.

आणि घरात सोल्डरिंगचा नाद असलेला एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्यांना घरच्या कमाईचा कळफलक देऊ नका. भंगारात निघालेला एक कळफलक आणि एक बंद पडलेला लॅपटॉप द्या. पहिला प्रयोग बिघडेल, बिघडू द्या. दुसरा किंवा तिसरा जमला की तो दिवसभर टायपिंग करणाऱ्या आपाच्या टेबलावर ठेवा आणि आठवड्याने तिला विचारा, खांदा कसा आहे?