रंगात अडकलेली वाळू

लंडनच्या नॅशनल गॅलरीत क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचे एक लहान तैलचित्र आहे. नाव ‘त्रुव्हीलचा समुद्रकिनारा’, साल १८७०. उंची सुमारे ३८ सेंटिमीटर, रुंदी सुमारे ४६. किनाऱ्यावर दोन स्त्रिया खुर्च्यांवर बसल्या आहेत, एक पांढऱ्या पोशाखात, दुसरी गडद. चेहरे, कपडे सारे कुंचल्याच्या मोजक्या फटकाऱ्यांत उतरवलेले.

हे चित्र मोनेने किनाऱ्यावरच बसून काढले की घरी, आठवणीने? याचे उत्तर चित्रातच सापडले. तपासणीत रंगाच्या थरात वाळूचे कण आढळले. कण वाळलेल्या रंगावर नुसते पडले असते, तर झटकले गेले असते. ते रंगात रुतले आहेत, म्हणजे रंग ओला असतानाच आले. निदान काही काम तरी किनाऱ्यावर झाले, एवढे यावरून नक्की म्हणता येते. संपूर्ण चित्र तिथेच पुरे झाले, असे मात्र सिद्ध होत नाही. पुरावा जेवढे सांगतो तेवढेच म्हणायचे, हा धडा विद्यार्थ्यांना इथे सहज देता येईल.

वाळू चिकटली, कारण तैलरंग सावकाश वाळतो. जलरंग वाळतो तो पाण्याची वाफ होऊन. तैलरंगात बहुधा जवसाचे तेल असते आणि ते उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेते, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाळे तयार होते आणि पातळ तेलाचा घट्ट पापुद्रा बनतो. सुरुवातीला तर त्याचे वजन वाढते! याला काही दिवस लागतात. तोवर ओल्या रंगावर दुसरा रंग देता येतो. ऊन आणि माणसे क्षणोक्षणी बदलत असताना चित्रकाराला हीच सोय हवी असते.

पण रंग किनाऱ्यावर न्यायचा कसा? पूर्वी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने पिळता येणाऱ्या धातूच्या नळीचे पेटंट घेतले. झाकण लावले की हवा आत जात नाही, म्हणून रंग वाळत नाही. कारण तेच, ऑक्सिजन.

एवढा खटाटोप कशासाठी? उघड्यावरची सावली काळी नसते, हे तिथे जाऊनच दिसते. सावलीत सूर्याचा थेट प्रकाश पोचत नाही, पण निळ्या आकाशाचा विखुरलेला प्रकाश पोचतो. वाळूवरून परतलेला पिवळसर प्रकाशही त्यात मिसळतो. म्हणून मोनेसारखे दृक्‌प्रत्ययवादी, म्हणजे इम्प्रेशनिस्ट, चित्रकार सावलीत निळे-जांभळे रंग वापरू लागले. निरभ्र दिवशी पांढऱ्या कागदावर पेन्सिलीची सावली पाडून मुलांना रंग विचारा. सवयीने ‘काळा’ म्हणणाऱ्यांना पुन्हा बघायला सांगा.

वाळूचा पुरावाही वर्गात तपासता येतो. दोन काचपट्ट्यांवर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ थर द्या. एकीवर लगेच चिमूटभर बारीक वाळू टाका, दुसरीवर तेल पूर्ण वाळल्यानंतर. तिसऱ्या पट्टीवर तुलनेसाठी खोबरेल लावा. पट्ट्या हवेशीर, उजेडाच्या जागी ठेवून रोज एका कोपऱ्याला बोट लावून पाहा. पहिल्या दोन्ही वाळल्या की त्या उलट्या करून झटका. कोणत्या पट्टीवर वाळू टिकते? खोबरेल वाळते का?

एक खबरदारी घ्या. जवसाचे तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका. तेलाचा ऑक्सिजनशी संयोग होताना उष्णता निर्माण होते, ती बोळ्यात कोंडली तर चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या पाण्यात भिजवूनच टाका.