परत करण्याचे व्रत

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस पार्थिव गणेशाची प्रतिष्ठापना करावी, यथाशक्ति पूजन करावे आणि निरोपाच्या दिवशी ती मृण्मय मूर्ती जलाशयास परत द्यावी, हा आपला कुलाचार. घेतलेले आदराने वापरावे व परत करावे, हेही त्यातील एक मर्म आहे.

तरुणपणी अलिबाग, चौल, रेवदंडा या टापूत आम्ही तासाच्या भाड्याची सायकल घेऊन कीर्तनास जात असू. दुकानदार वहीत नाव व वेळ टिपून घेई. बाकी सारा विश्वास. एकदा उत्सवात कीर्तन लांबले आणि सायकल दुसऱ्या सकाळी परत गेली. तिच्या अभावी एक विद्यार्थी परीक्षेस पायी गेला, हे मागाहून कळले. ते शल्य अद्याप बोचते.

हाच व्यवहार आता शहरे करू पाहतात. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९६५ साली काही तरुणांनी पांढऱ्या सायकली सर्वांस मुक्त ठेवल्या; बिनकुलपाच्या म्हणून पोलिसांनी त्या उचलून नेल्या. पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये, तर आमच्या शेजारच्या नवी मुंबईत २०१८ साली सार्वजनिक सायकल योजना सुरू झाली. भ्रमणध्वनीने कुलूप उघडावे, वेळेपुरते भाडे भरावे, सायकल नेमल्या जागी ठेवावी. पुण्यात मात्र अनेक सायकलींची मोडतोड झाली आणि काही वर्षांतच त्या रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या.

वाचकहो, वहीची जागा यंत्राने घेतली, तरी पुढच्या माणसाची आठवण आपणच ठेवावयाची. निरोपाच्या वेळी मूर्तीस जपणारे आपले हात सार्वजनिक सायकल जागी ठेवतानाही तसेच जपोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.